श्रीरामपूरचा झहीर आणि वूस्टरचा उन्हाळा

२३ मार्च २००३ चा तो रविवार तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आमच्या चौकातल्या चहाच्या दुकानात टीव्ही लावला होता आणि वीज जाईल या धास्तीने कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरीही आणून ठेवली होती. पहिलं षटक आपल्या झहीर खानचं. नोबॉल काय, वाइड काय, षटक संपता संपेना. १५ धावा गेल्या. शेजारी बसलेले एक ओळखीचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमच्या झहीरने हे काय केलं?"

हे 'तुमच्या' म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही. झहीर श्रीरामपूरचा, नगर जिल्ह्यातला. पण ते गृहस्थही नगर जिल्ह्यातलेच होते. मी चहा संपवला आणि घरी आलो. झहीरने त्या दिवशी ७ षटकांत ६७ धावा दिल्या, बळी एकही नाही. त्याच स्पर्धेत त्याने आधी १८ बळी घेतले होते. ते कुणी काढलं नाही.

झहीरबद्दल मला वाटणारी जवळीक क्रिकेटमुळे कमी, शाळेमुळे जास्त. श्रीरामपूरच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा, वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मीही याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो, पुढे मराठीच घेऊन बी.ए. झालो आणि कविता करू लागलो. झहीर सतराव्या वर्षी वडिलांबरोबर मुंबईला गेला. इंजिनिअर व्हायचं सोडून नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांच्या हाताखाली चेंडू टाकू लागला. मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून बडोद्याकडून खेळला आणि बडोद्याला रणजी करंडक जिंकून देऊनच थांबला. २००० साली तो भारताच्या संघात आला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ५ बळी घेतले आणि त्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला. पुढच्याच कसोटीत, अ‍ॅडलेडला, इरफान पठाण आला. तोही डावखुरा, तोही वेगवान, आणि वय १९. मग नेहरा होताच, रुद्रप्रताप सिंग आला. दुखापत बरी व्हायची, पुन्हा उपटायची. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तानात तो दोन कसोटी खेळला. पण मार्चमध्ये इंग्लंडचा संघ इकडे आला तेव्हा चेंडू श्रीशांत आणि मुनाफ पटेल यांच्या हातात होता. झहीर सत्तावीस वर्षांचा. वेगवान गोलंदाजाचं हे भरात असण्याचं वय, आणि हा घरी बसलेला.

त्याच सुमारास मलाही एक अनुभव आला. एका कविसंमेलनाचं निमंत्रण दरवर्षी यायचं, ते आलं नाही. विचारलं, तर उत्तर मिळालं की आता नव्या मुलांना संधी द्यायची आहे. त्यात गैर काहीच नव्हतं. तरी महिनाभर एक ओळ लिहिवली नाही. म्हणून पुढे झहीरने काय केलं, ते मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं.

तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. तेही दुसऱ्या श्रेणीत. वूस्टरचं मैदान सेव्हर्न नदीच्या काठी, समोर जुनं कॅथिड्रल. प्रवरेला पाणी आलं की काठची शेतं बुडतात, तसं ते मैदान पुरात बुडतं. प्रेक्षक थोडे, बरेचसे म्हातारे. काउंटीत उसंत अशी नसतेच; एक सामना संपला की सामान बांधायचं आणि पुढच्या गावी जायचं. त्याने रनअप कमी केला, चेंडू सोडण्यापूर्वीची ती उंच उडी आटोक्यात आणली. वेग थोडा गेला, पण शरीर टिकलं आणि चेंडू मनासारखा वळू लागला. मला यातलं सगळ्यात अवघड हेच वाटतं. जी उडी पाहून लोकांनी आपल्याला ओळखलं, तीच छाटायची.

सॉमरसेटविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने १० बळी घेतले. वूस्टरशायरकडून पदार्पणातच अशी कामगिरी शंभरावर वर्षांत कुणी केली नव्हती. सामना मात्र ते हरले. जूनमध्ये एसेक्सचे पहिले नऊच्या नऊ गडी त्यानेच बाद केले. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षकाच्या हातून डॅरेन गॉफचा झेल सुटला. ९ बाद १३८ वर त्याला समाधान मानावं लागलं. हंगामात एकूण ७८ बळी, आणि वूस्टरशायर पहिल्या श्रेणीत गेलं.

वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर त्याला परत बोलावलं. संघाबाहेर गेलेला गांगुलीही त्याच दौऱ्यात परतला. जोहान्सबर्गला, त्याच गावी, भारताने दक्षिण आफ्रिकेतली पहिली कसोटी जिंकली. पुढच्या वर्षी नॉटिंगहॅमला झहीर फलंदाजीला उभा असताना कुणीतरी धावपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या. तो भडकला, आणि दुसऱ्या डावात ५ बळी घेऊन मोकळा झाला. सामन्यात ९. इंग्लंडमध्ये मालिका जिंकायला भारताला २१ वर्षं लागली होती.

सगळ्यांचं परतणं असं टिकतंच असं नाही. आमच्याच संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे पाहा. अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ हाती घेऊन त्याने मेलबर्नला शतक ठोकलं, २०२१ च्या जानेवारीत मालिकाही जिंकली. वर्षभराने तोच संघाबाहेर. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर ८९ आणि ४६ धावा करून परतला, आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर पुन्हा बाहेर. पण पुढच्याच मोसमात त्याने मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. त्यालाही दुसरी श्रेणी कमीपणाची वाटली नाही.

२ एप्रिल २०११. पुन्हा अंतिम सामना, या खेपेला वानखेडेवर, आणि पुन्हा पहिलं षटक झहीरचं. खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईकांनीच. पहिल्या ५ षटकांत ३ निर्धाव, धावा अवघ्या ६ आणि थरंगाचा बळी. शेवटी शेवटी त्यालाही मार पडला, १० षटकांत ६० गेल्या. तरी स्पर्धेत २१ बळी, आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत जास्त.

मी त्याच दुकानात होतो. ते गृहस्थही होते, केस पांढरे झालेले. तिसरं निर्धाव षटक पडलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि झहीरबद्दल काहीतरी बोलले. 'तुमचा' म्हणाले की 'आपला', ते त्या गोंगाटात मला नीट ऐकू आलं नाही.