लळिंगचा बंगला, चाळीसगावची फरशी

३१ जुलैला धुळ्याहून आग्रा रोडने लळिंगकडे निघालं की निळे झेंडे लावलेल्या गाड्या भेटू लागतात. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे उतरले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून ऐन पावसाळ्यात इथे दरवर्षी यात्रा भरते.

या यात्रेचा माग काढत मागे गेलं, की मला चाळीसगाव स्टेशन लागतं. साल १९२९. अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारने समिती नेमली होती. त्या कामात खानदेशचे दोन जिल्हे बाबासाहेब आणि आणखी एका सदस्याच्या वाट्याला आले. धुळे लाइनीवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परतले. स्टेशनावर लोकांनी हार घातले. महारवाडा दोनेक मैलांवर, टांगे समोर उभे, तरी तासभर कुणी हलेना. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. पाहुण्याला पायी न्यायचं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. थोडं पुढे जातात तोच मोटारीची धडक होता होता वाचली. नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड. काटकोनातल्या वळणावर घोडा उधळला, चाक पहिल्याच दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला.

अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून त्यांनी हे लिहून ठेवलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते पुस्तिकारूपात आलं १९९० साली, ते गेल्यावर चौतीस वर्षांनी. तो कागद नसता तर फरशीची हकिकत कुणाला सांगता आली असती?

कागदासारखी एखादी वस्तूही आठवण जपते. केपटाउनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरला आणि साठ हजारांवर माणसं तिथून उठवली गेली. पाडापाडीच्या कामावरच्या एकाने गल्ल्यांच्या पाट्या फेकून न देता जपून ठेवल्या. १९९४ मध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयात त्या टांगल्या आहेत. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. हे व्हायलाच हवं होतं. पोरांच्या दाखल्यावर अपमान कशाला राहावा? पण जुनी पाटी कुठेतरी जपलेली असावी, असं मला मनापासून वाटतं, आणि तिच्या शेजारी फरशीवरचा तो दगडही.

लगाम धरणाऱ्याचं नाव बाबासाहेबांच्या लिखाणात नाही. माझ्या लोकांनी माझा मान राखायला माझा जीव धोक्यात घातला, एवढंच त्यांनी नोंदवलं. लळिंगच्या गर्दीत त्या माणसाची नातवंडंही असतील, असं मी दरवर्षी धरून चालतो.