वंदे भारत पकडायची? आधी स्टेशन पक्के करा

बालाघाट : वंदे भारत बालाघाटला येत नाही. ती पकडायला गोंदिया नाहीतर नागपूर गाठावे लागते, आणि आपली मंडळी चुकतात ती इथेच.

रायपूर, बिलासपूरला जायचे तर नागपूर गाठायची गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते. इंदूर आणि सिकंदराबादच्या गाड्या नागपूर मुख्य स्टेशनवरून सुटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुण्याची गाडी मात्र अजनीहून सुटते. अजनी मुख्य स्टेशनपासून साधारण तीन किलोमीटरवर आहे. इकडून जाणाऱ्या काही गाड्या इतवारीलाच संपतात. तिथून पुढे ऑटोने जायचे, म्हणून हातात तासभर ठेवा.

नागपूर स्टेशनला दोन बाजूंनी शिरता येते : पश्चिमेला मुख्य इमारत, पूर्वेला संत्रा मार्केट. ऑटोवाल्याला बाजू नीट सांगा. फलाट क्रमांक स्टेशनातल्या बोर्डावर बघा. तिकिटावरचा डबा (सी म्हणजे चेअरकार, ई म्हणजे एक्झिक्युटिव्ह) फलाटावरच्या डिस्प्लेशी जुळवून तिथेच उभे राहा. या गाडीची दारे आपोआप बंद होतात, धावत चढणे जमत नाही. पोहोचवायला आलेल्यांनी आत शिरू नये. दार लागले की थेट पुढच्या थांब्यावरच उतरता येते.