लोहखनिज निर्यात, गोव्यातील

लोहखनिज निर्यात, गोव्यातील : गोव्यातील लोहखनिजाचा परदेशांशी चालणारा व्यापार. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे आर्थिक लाभ आणि त्यांसाठी सोसावी लागणारी पर्यावरणीय हानी यांची तुलना करण्याच्या दृष्टीने या व्यापाराचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पोर्तुगीज अमदानीत खाणींच्या कायमस्वरूपी सवलती देण्यात आल्या. तथापि मोठ्या प्रमाणावरील निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. जपानमधील पोलाद उद्योग हा तिचा प्रमुख ग्राहक होता. डिचोली, सत्तरी, सांगे इ. तालुक्यांतील खनिज मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जद्वारे मुरगाव बंदरात नेता येत असल्याने वाहतूक स्वस्त पडे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही हा व्यापार वाढत गेला. त्यापासून परकीय चलन मिळाले व खाणी, ट्रक आणि बार्ज यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालू लागला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या मागणीमुळे हलक्या प्रतीच्या खनिजासही बाजारपेठ लाभली.

एक टन खनिज काढण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन ते तीन टन माती व दगड उपसावे लागतात. खनिज परदेशी जाते. टाकाऊ मातीचे ढीग मात्र खाणीलगतच राहतात. पावसाळ्यात ही माती वाहून भातशेतीत व नदीपात्रांत साचते. भूजलपातळीखालील खाणींतील पाणी उपसल्याने परिसरातील विहिरी आटतात. ही हानी निर्यातमूल्यात धरली जात नसल्याने व्यापाराचा लाभ प्रत्यक्षाहून अधिक भासत असे. शिवाय लाभ घेणारे व हानी सोसणारे बहुधा भिन्न होते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ च्या निर्णयानुसार वार्षिक उत्पादनावर २ कोटी टनांची मर्यादा घालण्यात आली आणि विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा करण्याचा आदेश देण्यात आला. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून खाणकाम पुन्हा बंद पडले. या बंदीने खाणपट्ट्यातील रोजगारास जबर धक्का बसला व पूर्वीचा लाभ आभासी नव्हता, हेही स्पष्ट झाले. २०२२ पासून खाणपट्टे लिलावाने देण्यास प्रारंभ झाला.

खनिज ही एकदाच विकता येणारी संपत्ती आहे. म्हणून तिच्या निर्यातीचा खरा लाभ ठरविताना विक्रीमूल्यातून शेती, पाणी व घटलेला साठा यांचे मूल्य वजा करणे आवश्यक ठरते.