प्रायोगिक जीवशास्त्र, हिंगोली जिल्ह्यातील

जिल्ह्यातील जलाशयांमधील मासे, औषधी वनस्पती (मुख्यतः हळद) आणि प्रयोगशाळेत वाढवलेले प्राणी यांचा नियंत्रित परिस्थितीत करावयाचा अभ्यास. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ येथील विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कक्षेत येतात.

मासे : पूर्णेवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर हे प्रमुख जलाशय. पिकांवर फवारलेली कीटकनाशके पहिल्या पावसात ओढ्यांवाटे पाण्यात उतरतात. त्यांची माशांना होणारी बाधा मोजण्याचा पायाभूत प्रयोग म्हणजे ९६ तासांची विषचाचणी. मासे क्लोरीन उडालेल्या पाण्यात आठवडाभर तरी रुळू देतात व चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांचे खाद्य बंद करतात. मग सारख्या आकाराचे, बहुधा दहा-दहा मासे वाढत्या तीव्रतेच्या द्रावणांत सोडतात. एका टाकीत निव्वळ पाणी असते. दर २४ तासांनी मेलेले मासे मोजून बाहेर काढतात. निम्मे मासे ज्या संहतीत मरतात ती मध्यम मारक संहती. ती काढण्यासाठी डी. जे. फिनी यांची प्रॉबिट पद्धत (१९४७) रूढ आहे. मरणापूर्वीची लक्षणे अधिक बोलकी असतात. मासा वर येऊन हवा गिळू पाहतो, कल्ल्यांची झाकणे भराभर हलतात, अंगावर बुळबुळीत स्राव साचतो, शेवटी तोल जाऊन तो कुशीवर कलतो. मरळ एरवीही वर येऊन हवा घेते. त्यामुळे तिच्यावरील निष्कर्ष रोहू-कटल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. केवळ मृतांचा आकडा देऊन थांबणारे काम अपुरेच मानले पाहिजे. जलाशयातील मासळीला मारक मात्रेहून कितीतरी कमी विष दीर्घकाळ सोसावे लागते, आणि ती हानी कल्ले, रक्त व यकृतातील ग्लायकोजेन तपासल्याखेरीज कळत नाही.

औषधी वनस्पती : हळद हे जिल्ह्याचे, विशेषतः वसमत तालुक्याचे, महत्त्वाचे पीक. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र असून वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झाले. हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनमुळे येतो. हळदीवर चुन्याची निवळी टाकली की ती लाल होते, ही घराघरांत ठाऊक असलेली खूण त्याच्याच गुणधर्माची आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात व अल्कधर्मी द्रावणात विघटित होते. म्हणून नुसते टाकीत टाकून माशांवर त्याची चाचणी घेता येत नाही. ते खाद्यात मिसळून देणे श्रेयस्कर.

प्रयोगप्राणी : विस्टर जातीचे पांढरे उंदीर, लहान चणीच्या मूषक जाती आणि ससे. बंगळूर येथील १९९८ च्या एका अभ्यासात मिरीतील पायपरिनमुळे कर्क्युमिनची जैवउपलब्धता उंदरांत १५४ टक्क्यांनी, तर माणसांत २,००० टक्क्यांनी वाढलेली आढळली. उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना हा फरक ध्यानात ठेवावा.

कायदा : प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० लागू होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले.