बार्लोसाहेबांचा ‘बिनकामाचा’ आकडा

आज एकाच आकड्याची गोष्ट. २,१४,७४,८३,६४७. वाचायचा झाला तर दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. हुश्श! गणितात मात्र सोपाय: २ चा ३१ वा घात, वजा १.

१६४४ मध्ये मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं अशा आकड्यांची यादी छापली. म्हणाला, हे सगळे मूळ आहेत, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारे. यादीत ३१ वा घात होता, तसाच ६७ वाही होता आणि तो पुढे साफ चुकीचा निघाला. म्हणजे तपासणं भाग होतं.

३१ वाला तपासला लेओनार्ड ऑयलरनं, सेंट पीटर्सबर्गमध्ये. १७७२ च्या एका पत्रात त्यानं हे कळवलं. तोवर त्याला डोळ्यांनी जवळपास दिसेनासं झालं होतं! साध्या पद्धतीनं करायचं तर आकड्याचं वर्गमूळ काढा, ते येतं ४६,३४० च्या आसपास, आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघा. अशा संख्या जवळजवळ ४,८००. ऑयलरनं डोकं लावलं. याला भाजक असलाच, तर त्या भाजकाला ६२ नं भागल्यावर बाकी १ च उरायला हवी, आणि ८ नं भागल्यावर १ किंवा ७. ही चाळण लावली की जास्तीत जास्त ३७२ भागाकार उरतात. एकानंही भाग गेला नाही. (मी पायथॉनमध्ये करून बघितलं. एंटरवरून बोट उचलेपर्यंत उत्तर हजर. जरा लाजच वाटली.)

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहिलं की याहून मोठी अशी संख्या बहुधा कुणी शोधणारच नाही, कारण हे नुसतं कुतूहल, उपयोग काही नाही. पहिला अंदाज लुकासनं मोडला: १८७६ मध्ये त्यानं १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. दुसरा मोडला कॉम्प्युटरनं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी रँडम आकड्यांची एक कृती सुचवली. हातातल्या आकड्याला १६,८०७ नं गुणा, आपल्या आकड्यानं भागा, उरलेली बाकी हा पुढचा आकडा. आपला आकडा मूळ आहे म्हणूनच ही साखळी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा गाठते आणि मगच पुन्हा सुरू होते. सी प्लस प्लसमध्ये ती आजही तयार मिळते. पासवर्डसाठी वापरू नका, एवढंच.

तुम्हाला हा आकडा भेटला असेल तो वेगळ्या कारणानं. ३२ बिटांतला एक बिट चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबनं सांगितलं की ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज यापलीकडे गेले, म्हणून काउंटर ६४ बिटांचा केला. इथे मूळ असण्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. ६४ बिटांची मर्यादा तर चक्क ७ नं भागली जाते.

माझ्या पहिल्या नोकरीत एका टेबलाचा आयडी याच आकड्याला येऊन अडकला. रात्री दोन वाजता नव्या ऑर्डर घुसेनात, आणि मी स्क्रीनवर हा आकडा बघत बसलेलो. तेव्हा ऑयलर वगैरे आठवला नाही हो, फक्त मॅनेजर आठवला.

अजून एक तारीख बाकी आहे. जुन्या सिस्टीम्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. तो हिशोब भरतो १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला न बदललेली घड्याळं डिसेंबर १९०१ दाखवतील. तुमचा आताचा फोन बहुतेक ६४ बिटांचा आहे, पण कुठल्या तरी कपाटात वर्षानुवर्षं चालू असलेल्या जुन्या डब्याचं काय? त्या दिवशी मंगळवार आहे. म्हणजे ऑफिसला जावंच लागणार.