बैलगाडीवरचा उपग्रह

रामदासपेठेत चहाच्या टपरीवर मित्राने फोन पुढे केला: बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह, खाली हसऱ्या इमोजींची रांग. 'बघ, इस्रोची गरिबी!'

तो 'ॲपल' उपग्रह, 1981 मधला. अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि ट्रकचं लोखंड रेडिओ लहरींत लुडबुड करतं. लाकडी बैलगाडी करत नाही. म्हणजे ही गरिबी नाही, टेस्टिंग आहे. स्वस्तात आणि अचूक. (प्रॉडक्शनसारखं टेस्ट एन्व्हायर्नमेंट मिळवताना आमचं काय होतं, ते सोडा.) 19 जून 1981 ला ॲपल युरोपच्या एरियन रॉकेटवरून अंतराळात गेला.

खरी चणचण दुसऱ्या फोटोत आहे. थुंबा, 1966: सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं नाक, शेजारी चालणारी दोन माणसं. हा कार्तिये-ब्रेसाँने टिपलाय. तिथे वाहनंच मोजकी होती आणि ऑफिस चर्चमध्ये. जागा मात्र भारी, चुंबकीय विषुववृत्ताजवळची. ती शोधण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन नाइकी-अपाची होतं. इंधन घरचं व्हावं म्हणून पुढे वसंत गोवारीकर झटले.

दोन्ही फोटो एकाच फॉरवर्डमध्ये फिरतात. हसू सायकलवर यावं, बैलगाडीवर नाही. ते चर्च आता अंतराळ संग्रहालय आहे.