हत्ती-सीलचा बंदिवास आणि त्याची साधने

मुंबईतील भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या राणीच्या बागेत, 2016 च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांपैकी एक मरण पावला आणि शहरात मोठा वाद माजला. वाद मुख्यतः खर्चाचा होता आणि काही अंशी पक्षीय राजकारणाचा. समुद्रावर जगणारे प्राणी जमिनीवरील कृत्रिम जलाशयात ठेवण्याची प्रथा कोठून आली, तिने मनुष्याला त्या प्राण्यांविषयी नेमके काय शिकविले आणि काय शिकविले नाही, हा इतिहासाचा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही. तो विचारावयाचा झाल्यास पेंग्विनपेक्षाही बोधक असा एक प्राणी आहे. तो म्हणजे हत्ती-सील. भारताच्या किनाऱ्याचा तो रहिवासी नव्हे. परंतु त्याच्या बंदिवासाची कागदपत्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध असल्याने प्रथेचे गुणदोष त्याच्या ठायी स्पष्ट दिसतात.

या प्राण्याच्या नावापासूनच गैरसमजाला प्रारंभ होतो. इंग्रज नौसेनापती जॉर्ज अँसन याच्या खलाशांनी 1741 मध्ये हुआन फर्नांदेझ बेटावर तो पाहिला व त्यास ‘सागरी सिंह’ म्हटले. या वर्णनावर विसंबून लिनियसने 1758 मध्ये दक्षिणेकडील जातीला सिंहवाचक लॅटिन नाव दिले आणि ते आजतागायत टिकून आहे. हत्तीशी त्याचे साम्य इतकेच की, प्रौढ नराचे नाक फुगून सोंडेसारखे लोंबते आणि त्याचा देह प्रचंड असतो. दक्षिणेकडील जातीचा पूर्ण वाढलेला नर तीन-चार हजार किलोग्रॅमपर्यंत भरतो. सीलांच्या साऱ्या कुळात एवढा मोठा प्राणी दुसरा नाही. त्याच्या कातडीखालील चरबीपासून तेल निघते. एकोणिसाव्या शतकात या तेलासाठी त्याची जी कत्तल झाली, तीमुळे उत्तरेकडील जात नामशेष झाली असे मानले जाऊ लागले होते.

येथे एका व्यक्तीचे चरित्र अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. 1892 मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेस असलेल्या ग्वादालूपे बेटावर चार्ल्स टाउनसेंड व अँथनी हे दोघे निसर्गसंशोधक उतरले. त्यांना तेथे हत्ती-सीलांचा एक लहानसा कळप दिसला. सारे मिळून आठ-नऊ प्राणी. त्यांपैकी सात त्यांनी संग्रहालयाच्या नमुन्यांसाठी मारले. ही जात पृथ्वीवरून जवळपास गेली आहे हे ठाऊक असल्यामुळेच ते मारले गेले, कारण नामशेष होणाऱ्या प्राण्याचा सांगाडा तरी कपाटात असावा, अशी त्या काळच्या विद्वत्तेची धारणा होती. आज ही कृती निर्दय वाटते. परंतु ती अज्ञानातून घडलेली नव्हती, ज्ञानाच्या एका विशिष्ट कल्पनेतून घडलेली होती. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला अडचणीची ठरते ती हीच गोष्ट.

पुढे हाच टाउनसेंड न्यूयॉर्क मत्स्यालयाचा संचालक झाला. 1911 मध्ये ‘अल्बाट्रॉस’ या जहाजावरून तो पुन्हा ग्वादालूपेला गेला, तेव्हा शंभराहून अधिक प्राण्यांचा कळप त्याला आढळला. या खेपेस त्याने सहा लहान सील जिवंत पकडून न्यूयॉर्कला पाठविले. बॅटरी पार्कमधील एका जुन्या वर्तुळाकार किल्ल्यात वसलेल्या त्या मत्स्यालयात लोकांनी त्यांस पाहिले. एकोणीस वर्षांच्या अवधीत एकाच मनुष्याच्या हातून बंदूक जाऊन जाळे आले, हा फरक लहान नव्हे. तथापि जातीच्या रक्षणाशी त्या सहा पिलांचा काहीही संबंध आला नाही. बेट मेक्सिकोच्या सरकारने 1922 मध्ये संरक्षित केले, आणि तेथून त्या जातीचे खरे पुनरुज्जीवन सुरू झाले. आज उत्तरेकडील हत्ती-सीलांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. हे सर्व प्राणी मूठभर पूर्वजांचे वंशज होत. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तप्रथिनांच्या अभ्यासात त्यांच्यांत आनुवंशिक वैविध्य जवळजवळ आढळलेच नाही. मत्स्यालयातील हौदांत ही जात वाढली नाही. ती वाढली एका ओसाड किनाऱ्यावर, माणसे दूर राहिल्यामुळे.

युरोपातील वृत्तांत निराळा आहे आणि तो जाहिरातीच्या इतिहासात मोडतो. हॅम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याने 1907 मध्ये स्टेलिंगेन येथे आपले प्राणि-उद्यान उघडले. गजांच्या जागी खंदक व कृत्रिम खडक योजून प्राणी मोकळ्या निसर्गात उभे आहेत असा भास निर्माण करणे ही त्याची कल्पना. ध्रुवप्रदेशाचा देखावा हे त्या उद्यानाचे एक मोठे आकर्षण होते आणि त्यात विशाल सागरी प्राण्यांना साहजिकच मान मिळाला. या व्यवसायातून पुढे आलेला ‘गोलियाथ’ नावाचा दक्षिणेकडील नर हत्ती-सील 1928 मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत दाखविला जाऊ लागला. भित्तिपत्रकांवर त्याचे चित्र असे, त्याच्या वजनाचे व दररोज फस्त होणाऱ्या माशांचे आकडे असत. असे आकडे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सर्कशीच्या तिकिटाची किंमत विसरू नये, एवढेच येथे म्हणता येईल. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील ‘रोलांड’ हाही 1930 नंतरच्या काळातील असाच एक लोकप्रिय कैदी होता. युद्धोत्तर काळात स्टुटगार्टच्या विल्हेल्मा उद्यानातही ही जात पाळण्यात आली. जपानमध्ये एनोशिमा मत्स्यालयातील ‘मिनाझो’ हा नर 2005 मध्ये मरण पावला. शहरवासी त्याला नावाने ओळखत, म्हणून त्याच्या मृत्यूचे दुःख करणाऱ्यांची संख्याही मोठी होती. त्या नावाने लोकांना प्राण्याच्या जवळ आणले हे खरे. पण नावाने ओळखला जाणारा प्राणी आपल्या जातीचा प्रतिनिधी न राहता एक पात्र बनतो, हेही तितकेच खरे.

या सर्व बंदिवासातून जे लेख उरले आहेत ते पाहिले असता एक विलक्षण एकसूत्रीपणा जाणवतो. त्यांत लांबी असते, वजन असते, दररोजच्या माशांचे माप असते, आजाराची व मृत्यूची तारीख असते. रक्षकाच्या तराजूला व दोरीला जे मोजता आले, ते त्याने प्रामाणिकपणे मोजले. परंतु हत्ती-सीलच्या जीवनातील प्रमुख गोष्टी याच दोन साधनांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. प्रजननकाळात किनारा न सोडता प्रौढ नर तीन महिन्यांपर्यंत काहीही खात नाही. मादी पिलाला सुमारे महिनाभर दूध पाजून निघून जाते. तिचाही तो काळ उपवासाचा असतो. वर्षातून एकदा त्याचे जुने केस कातडीच्या वरच्या थरासह सोलून पडतात. अशा प्राण्याने हौदात मासे नाकारले, तर तो रोग समजावा की ऋतुधर्म? दोन्हींचा फरक ओळखण्यासाठी मुक्त किनाऱ्यावरील ऋतूंचे ज्ञान हवे. आणि हौदाच्या काठावर बसलेल्या रक्षकाजवळ नेमके तेच नव्हते.

बुडीविषयीची गोष्ट तर याहून मोठी आहे. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातील आन्यो नुएव्हो येथे शास्त्रज्ञांनी एका मादीच्या अंगावर खोली व वेळ टिपणारे लहानसे यंत्र बसवून तिला समुद्रात जाऊ दिले. ती परत आल्यावर दिसून आले की, पहिल्या अकरा दिवसांतच तिने सहाशेहून अधिक बुड्या घेतल्या होत्या आणि त्यांतील सर्वांत खोल बुडी सुमारे 630 मीटरची होती. एक बुडी साधारणपणे वीस मिनिटांची, आणि मग पाण्यावर अगदी थोडा वेळ. पुढील संशोधनाने ही खोली दीड किलोमीटरच्याही पलीकडे गेली. वर्षाचे आठ-दहा महिने हा प्राणी समुद्रात असतो व त्यातील बहुतेक वेळ अंधाऱ्या खोलीत घालवितो. हॅम्बुर्ग, न्यूयॉर्क वा बर्लिन येथील प्रेक्षकांना तो आळशी, सुस्त, लोळत पडणारा दिसला. कारण समुद्राचा त्यांना जो भाग दाखविण्यात आला तो काही मीटर खोलीचा होता. सत्तर वर्षांच्या पाहण्याने जे समजले नाही, ते प्राण्याला सोडून दिल्यावर अकरा दिवसांत समजले. बंदिवासाने सर्वस्वी काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सीलांच्या रक्ताचा प्राणवायूशी असलेला संबंध, पाण्याखाली मंदावणारी हृदयक्रिया, अशा शरीरशास्त्रीय प्रश्नांची बरीच उत्तरे प्रयोगशाळेतील सीलांवरूनच मिळाली. दोहोंत भेद करणे एवढेच येथे अभिप्रेत आहे.

भारतात याची तुलना करण्याजोगे एक उदाहरण आहे आणि ते सर्कशीचे नाही. तामिळनाडूतील मंडपम येथे, जेथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे तेव्हा मुख्यालय होते, 1959 पासून दोन ड्यूगाँग, म्हणजे सागरी गायी, पाळण्यात आल्या व सुमारे अकरा वर्षे त्या तेथे राहिल्या. संस्थेचे संचालक एस. जोन्स यांनी त्यांची निरीक्षणे लिहून 1967 मध्ये प्रसिद्ध केली. ड्यूगाँग समुद्रतळावरील गवत खाणारा शाकाहारी प्राणी. त्याच्या पोषणाचा भार तेथील मच्छीमारांना ठाऊक असलेल्या पाण्यावर व गवतावर अवलंबून होता. मेजावर रचलेल्या आहारकोष्टकाचे तेथे फारसे काम नव्हते. तिकीट, भित्तिपत्रक, टोपणनाव यांचाही गाजावाजा नव्हता. म्हणूनच तिथल्या नोंदी वर्तनाविषयी बोलतात. असे असूनही त्या जातीचे रक्षण बंदिवासातून झाले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण मिळाले. आणि 2022 मध्ये तामिळनाडू शासनाने पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे ड्यूगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. ग्वादालूपेप्रमाणे येथेही शेवटी जागाच राखावी लागली.

डॉल्फिनच्या बाबतीत भारताचा अनुभव अधिक कटू होता. 1998 मध्ये मद्रासजवळील एका करमणूक-केंद्रात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. 2013 च्या मे महिन्यात केंद्र शासनाने डॉल्फिनच्या प्रदर्शन-केंद्रांना परवानगी न देण्याचे धोरण जाहीर केले. त्यात अशा प्राण्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानण्याचा विचारही नोंदविलेला होता. महाराष्ट्रास या धोरणाचे प्रयोजन दूरचे नव्हते. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ नामक पर्यटन-प्रकल्पाची चर्चा त्याच दशकात सुरू झाली आणि जमिनीच्या प्रश्नावरून गावकऱ्यांनी तिला विरोध केला. ज्या मालवणात 1987 मध्येच सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेथेच समुद्राची प्रतिकृती जमिनीवर उभारण्याचा विचार व्हावा, यातील विरोधाभास चर्चेत फारसा आला नाही.

या पार्श्वभूमीवर राणीच्या बागेतील पेंग्विनांकडे परत पाहता येते. हम्बोल्ट पेंग्विन बर्फावरचा पक्षी नाही. पेरू व चिलीच्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या आधारे तो राहतो आणि तेथे वाळवंटी खडकांवर घरटी करतो. मुंबईत त्याला 16 ते 18 अंश सेल्सियस तापमानाच्या काचेच्या दालनात ठेवण्यात आले. मार्च 2017 मध्ये ते दालन लोकांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी बागेचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. 15 ऑगस्ट 2018 रोजी तेथे पहिले पिलू जन्मले व आठवडाभरातच गेले. पुढे मात्र पिले जगू लागली आणि थव्याची संख्या वाढली. या यशाचे श्रेय रक्षकांना अवश्य द्यावे. परंतु त्या यशातून पेरूच्या किनाऱ्यावर काही फरक पडतो का, हा प्रश्न हॅम्बुर्गच्या काळाप्रमाणे आजही उरतो.

मराठवाड्यातील संशोधकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. या प्रांतास समुद्रकिनारा नसला, तरी प्राणिबंदिवासाच्या नोंदी त्याच्या जवळ आहेत. छत्रपती संभाजीनगरातील सिद्धार्थ उद्यानाचे प्राणिसंग्रहालय महानगरपालिका चालविते; आणि 1992 पासून लागू झालेल्या व 2009 मध्ये नव्याने केलेल्या प्राणिसंग्रहालय मान्यता नियमांप्रमाणे देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाने जन्म, मृत्यू, आगमन व स्थलांतर यांच्या नोंदी राखणे आवश्यक आहे. हा संग्रह मिटमिटा येथे हलविण्याची योजना आखली गेली आहे. स्थलांतरात पिंजरे, पाणवठे व प्राणी यांची काळजी घेण्यासाठी अधिकारी असतात. जुन्या नोंदवह्या मात्र एखाद्या खोलीत पडून राहण्याचा संभव अधिक. त्या वह्यांत आहार व वजन यांव्यतिरिक्त काय लिहिले आहे, रक्षकाच्या हाताची अशी एखादी ओळ समासात आढळते का, हे शोधण्यास विद्यापीठातून निघालेल्या विद्यार्थ्याला शहराबाहेर जावे लागणार नाही.